पाणी कुठनं आणत असतील?

शुक्रवार रात्र, कॉर्टेझ (कोलोरॅडो)

सकाळी आल्बुकर्कीहून निघालो. शिपरॉकचा काळा सुळका दिसेपर्यंत आई खिडकीबाहेरच बघत होती. मध्येच म्हणाली, "आपल्या माणदेशासारखंच की गं. नुसती कुसळं."

दुपारी मेसा व्हर्दे राष्ट्रीय उद्यानाच्या पठारावर चढलो. गाडी लावून कठड्यापाशी गेलो आणि समोर क्लिफ पॅलेस. वरून पठार सपाट, झुडपांनी भरलेलं; खाली कड्याच्या पोटात प्रचंड कपार, आणि त्या कपारीत प्वेब्लो आदिवासींच्या पूर्वजांनी बांधलेलं अख्खं गाव. दीडशेच्या आसपास खोल्या, चौकोनी बुरूज, 23 किवा. किवा म्हणजे जमिनीत खोदलेली गोल खोली, धार्मिक विधींची आणि बसण्याउठण्याची. तिच्या तळाशी मुठीएवढं भोक ठेवतात, सिपापू. खालच्या जगातून पूर्वज वर आले, ती वाट.

मी फोटो काढत राहिले. आई कठडा धरून बराच वेळ उभी होती. मग विचारलं, "बायका पाणी कुठनं आणत असतील गं?"

मला उत्तर देता आलं नाही. शेतं वर पठारावर होती, मका, घेवडा, भोपळा. कड्यात हातापायाची बोटं रुतवायला खाचा कोरलेल्या, त्यांतून चढउतार. एवढं वाचून आले होते. पाण्याचा विचारच केला नव्हता.

शनिवार

आज बाल्कनी हाउस. आईला गुडघ्यांमुळे जमण्यासारखं नव्हतं, ती वर सावलीत बसली. 32 फुटी लाकडी शिडी चढताना खाली बघितलं नाही. शेवटी बारा फूट लांब आणि दीड फूट रुंद बोगद्यातून रांगत बाहेर यावं लागतं.

पण मला लिहायचंय ते कपारीच्या मागच्या भिंतीबद्दल. रेंजरताईंनी तिकडे बोट केलं. दगड ओला होता. पठारावरचं पाऊस-बर्फाचं पाणी वालुकाश्मात मुरतं, खाली शेलचा, म्हणजे चिकणमातीच्या घट्ट दगडाचा, थर लागला की अडतं आणि आडवं पाझरत कड्यातून बाहेर येतं. त्याच ओलीने दगड सुटून कोसळत जातो आणि कपार तयार होते. म्हणजे ज्या पाण्याने त्यांना छप्पर कोरून दिलं, त्याच पाण्यावर त्यांची मडकी भरत होती. मी तिथेच थबकले. मागच्या माणसाला पुढे जाऊ दिलं.

ही घरं बहुतेक 1190 ते 1280 च्या दरम्यानची. तुळयांच्या लाकडातली वर्तुळं मोजून साल काढतात. तीच वर्तुळं सांगतात की 1276 ते 1299 मोठा अवर्षणाचा काळ होता. तेवीस वर्षं! जमीन थकलेली, माणसं वाढलेली, आपसात तंटेही होते. 1300 च्या सुमारास सगळे दक्षिणेकडे निघून गेले.

पुष्कळ ठिकाणी लिहितात की हे लोक "गूढरीत्या नाहीसे झाले". मला ते वाक्य फार लागतं. होपी, झुनी, आकोमा आणि रिओ ग्रांदेकाठचे प्वेब्लो लोक आजही आहेत, आणि हे आपल्या पूर्वजांचं घर आहे असं ते सांगतात. पंचवीसहून जास्त जमाती या जागेशी आपलं नातं सांगतात. 1888 मध्ये दोन गुराख्यांनी क्लिफ पॅलेसचा "शोध लावला" असं म्हणायची पद्धत आहे. तिथल्या उट जमातीच्या लोकांना ही घरं त्याआधीच ठाऊक होती. या पूर्वजांना "अनासाझी" हे नावही दुसऱ्यांनी, नावाहो भाषेतून, दिलेलं. प्वेब्लो लोकांना ते नको आहे. मीही आजपासून वापरणार नाही.

पाण्यासाठी गाव सोडणं यात गूढ काय आहे? आमच्या घरी बहात्तर सालाबद्दल कुणालाच समजावून सांगावं लागत नाही. आई तेव्हा तेरा वर्षांची. दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी खायची. आजोबांची दोन भावंडं त्या वर्षी जी मुंबईला गेली, ती राहिलीच तिकडे. वाड्याचा त्यांच्याकडचा भाग नंतर पडला.

परतताना व्हिजिटर सेंटरमध्ये मका दळायचा दगड मांडलेला होता, मधे घासून घासून खोलगट झालेला. आई म्हणाली, "पाटाच की. गुडघ्यावर बसून वाटायच्या?" हो म्हटलं. ती आपल्या गुडघ्यावर हात ठेवून बघत राहिली.

गाडीत तिला ओल्या भिंतीबद्दल सांगितलं. थेंब थेंब येतं, म्हटलं, आणि ते खाली दगडातल्या खळग्यात साठतं.

"मग वाटीनं भरत असणार," ती म्हणाली. "आम्ही आडात उतरून भरायचो. एक कळशी भरायची तर नंबर लावून बसायला लागायचं. रात्र जायची."

कॉर्टेझ येईपर्यंत ती त्या आडाबद्दलच बोलत होती. कोण कोण उतरायचं, कंदील कुणाचा असायचा. यातलं निम्मं मी पहिल्यांदाच ऐकलं.