ब्लाइबराचे देवदूत, वेनहॅस्टनचा सैतान

इंग्लंडमध्ये चर्च बघायचं म्हटलं की आपली मंडळी सेंट पॉल नाहीतर कँटरबरी गाठतात. मला विचाराल तर सरळ सफोकमधल्या खेड्यांत जा. तिकीट नाही, रांग नाही, दिवसा दार बहुतेक वेळा उघडंच असतं.

ब्लाइबरा गाव एवढंसं, पण खाडीकाठचं चर्च अवाढव्य! पंधराव्या शतकातलं, चकमकीच्या दगडांचं. आत शिरलात की मान आपोआप वर जाते. छताच्या मधोमध पंख पसरलेले लाकडी देवदूत, रंग पार विटलेले. त्यांच्या लाकडात शिशाचे छर्रे सापडले. आळ बरीच वर्षं विल्यम डाउझिंगवर होता. हा प्युरिटन (म्हणजे मूर्ती-सजावट न खपणाऱ्या कडव्या ख्रिस्ती पंथाचा) गृहस्थ १६४४ मध्ये चर्चमधल्या मूर्ती आणि चित्रं फोडण्याचा हुकूम घेऊन गावोगाव हिंडत होता. पण छर्रे निघाले अठराव्या शतकातले. आत शिरलेले जॅकडॉ (कावळ्याचेच भाऊबंद) मारायला बार उडवले होते म्हणे! उत्तरेच्या दारावर काळे डाग दिसतात. १५७७ च्या वादळात आत घुसलेल्या भुताळी कुत्र्याच्या पंजांचे ते व्रण, असं सांगतात. मला तरी ते मेणबत्तीचे चटके वाटले.

खरी मजा जवळच्या वेनहॅस्टनला. १८९२ मध्ये दुरुस्तीच्या वेळी चुना फासलेल्या जुनाट फळ्या बाहेर कबरींपाशी टाकून दिल्या होत्या. पाऊस आला, चुना धुऊन गेला आणि खालून अंतिम न्यायाचं (जगाच्या शेवटी देव सगळ्यांचा निवाडा करतो, त्याचं) अख्खं चित्र वर आलं. तराजूत आत्मे तोलणारा सेंट मायकेल बघून मला चित्रगुप्तच आठवला. शेजारी सैतान, पलीकडे नरकाचा दातेरी जबडा. स्वर्गाच्या दाराशी राजा आणि बिशप उभे आहेत. अंगावर चिंधी नाही, डोक्यावरचा मुकुट आणि टोपी मात्र शाबूत! पाचशे वर्षांपूर्वी, तेही चर्चमध्येच, हे रंगवणाऱ्याची छाती मोठी. मधेच माणसांच्या आकाराच्या कोऱ्या जागा आहेत. तिथे क्रूस आणि मेरीच्या मूर्ती होत्या, म्हणून त्यांच्यामागे रंगच लावला नव्हता.

गाडी असेल तर दोन्ही गावं अर्ध्या दिवसात आरामात होतात. रविवारची सकाळ टाळा, प्रार्थना असते. आणि दानपेटीत चार पौंड टाकाच, एवढाल्या छपरांची डागडुजी स्वस्तात होत नाही.