दाणा मोडून पाहताना : आमच्या कॉफीची वाटचाल

सांगलीत भाजणी म्हटले की थालिपीठ आठवते आणि भट्टी म्हटले की भडंगासाठीच्या चिरमुऱ्यांची भट्टी. त्यामुळे २०१८च्या हिवाळ्यात विश्रामबागेतल्या आमच्या घराच्या मागच्या पडवीत कॉफीचे दाणे भाजायला सुरुवात केली, तेव्हा काही करपले आहे का, हे पाहायला शेजारच्या काकू दोनदा येऊन गेल्या. त्या वेळी हा व्यवसाय नव्हताच. मी कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला होतो. नोकरीच्या कामासाठी बेंगळुरूला जाणे-येणे होई, तिथे ताज्या भाजलेल्या कॉफीची चव लागली आणि घरी आणलेली पाकिटातली पूड शिळी वाटू लागली, एवढेच निमित्त.

पहिले यंत्र मिक्सरच्या भांड्याएवढे होते. खालच्या पंख्याची हवा तापलेल्या तारेवरून वर येते, त्या झोतावर दाणे उसळत राहतात आणि हवेच्या उष्णतेनेच भाजले जातात. चिरमुरे तापल्या वाळूत फुलतात, इथे वाळूचे काम हवा करते. सिव्हेट्झ या अमेरिकी रसायन अभियंत्याने १९७०च्या दशकात या पद्धतीची मोठी यंत्रे लोकांपुढे आणली. आमचे यंत्र म्हणजे त्याच कल्पनेचे धाकटे भावंड. एका घाण्याला शंभर ग्रॅम कच्चे दाणे लागतात. सुरुवातीला ते जड असल्यामुळे झोताने नीट हलत नाहीत, म्हणून पहिला मिनिटभर लाकडी उलथन्याच्या दांड्याने ढवळावे लागते. पुढे ओल उडाली, दाणे हलके होऊन फुगले की ते आपसूक फिरू लागतात. दाण्यावरचे पातळ फोलपट हवेबरोबर उडून जाते आणि धुराचा वास मालाला फारसा लागत नाही, त्यामुळे चव स्वच्छ येते. ते फोलपट मात्र पडवीभर पसरते आणि ते झाडण्याचे काम आजही माझ्याकडेच आहे.

भाजताना कान आणि नाक दोन्ही लागतात. आधी ओल्या गवतासारखा वास येतो, मग दाणा पिवळा पडून पाव भाजल्यासारखा, आणि दाण्याचे तापमान दोनशे अंशांच्या आसपास गेले की तडतड सुरू होते. तिला आम्हीही सगळ्यांसारखे फर्स्ट क्रॅकच म्हणतो. पंख्याच्या आवाजात ती मला ऐकू येत नसे. आईला मात्र बरोबर ऐकू येई, कारण फोडणीतली मोहरी ऐकण्यात तिचा जन्म गेला आहे. तडतड सुरू झाल्यापासून दीड-दोन मिनिटांत घाणा उतरवून दोन चाळणींत खालीवर करत टेबल फॅनपुढे गार करायचा. तसे केले नाही तर दाणा स्वतःच्याच उष्णतेने पुढे भाजत राहतो.

सकाळी उत्तम उतरणारी तीच कॉफी संध्याकाळी बेचव का होते, हे मला चार महिने उमगले नाही. अखेर मीटर लावून पाहिले, तेव्हा संध्याकाळी आमच्या गल्लीत २३०च्या जागी २०५ व्होल्ट येत होते. तारेची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणजे अकरा टक्क्यांच्या घसरणीने उष्णता सुमारे वीस टक्क्यांनी कमी होते. शिवाय पंखाही मंदावतो. आठ मिनिटांचा घाणा तेरा मिनिटांवर जाई आणि दाणा भाजण्याऐवजी जणू वाळत राही. रंग तोच, पण चवीला पुठ्ठा. स्टॅबिलायझर आणला, भाजणी पहाटेवर नेली आणि वहीत प्रत्येक घाण्यापुढे वजन व वेळ यांच्या जोडीला व्होल्टेज आणि पडवीतले तापमान लिहू लागलो, कारण बाहेरचीच हवा आत ओढली जात असल्याने मे महिन्यातला घाणा आणि डिसेंबरातला घाणा सारखा चालत नाही.

रंगावर विसंबू नये, हे वडिलांनी शिकवले. ते गणपती पेठेत हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते आणि हळदीचे कांडे मोडून आतला रंग पाहिल्याशिवाय कशालाच चांगले म्हणायचे नाही, ही त्यांची सवय. माझा एक घाणा बाहेरून सुरेख तपकिरी दिसत होता. त्यांनी त्यातला दाणा दातांखाली फोडून दोन तुकडे तळहातावर ठेवले. आतला गाभा फिकट होता. उष्णता घाईने दिल्याची ती खूण. तेव्हापासून प्रत्येक घाण्यातले पाच दाणे आम्ही मोडून पाहतो.

व्यवसाय म्हणावा असे पहिले काम मिरजेतून आले. तिथल्या दवाखान्यांत दक्षिणेकडचे बरेच डॉक्टर आहेत. त्यांपैकी एकांनी दोन किलोची मागणी केली. भाजताना वजन सुमारे पंधरा टक्के घटते, म्हणजे शंभर ग्रॅमचे पंच्याऐंशी होतात आणि दोन किलोंसाठी चोवीस घाणे लागतात. रविवारी पहाटे पाचला बसलो आणि सतराव्या घाण्याला यंत्र बंद पडले. मिक्सर दुरुस्त करणाऱ्यांनी उघडून आतला जळलेला थर्मल फ्यूज हातावर ठेवला आणि ‘याला दमू द्यायचं नाही,’ एवढेच सांगितले. दोन घाण्यांमध्ये दहा मिनिटांची विश्रांती हा नियम तिथून आला. उरलेला माल डॉक्टरांना चार दिवस उशिरा मिळाला. पैसे त्यांनी पूर्ण दिले.

कच्च्या मालात एकदा सपशेल फसलो. एका व्यापाऱ्याने नव्या पिकाचा प्लँटेशन ए, म्हणजे गर पाण्याने धुऊन काढलेल्या अरेबिका जातीच्या कॉफीची एक प्रत, म्हणून तीस किलोंचे पोते पाठवले. नवा धुतलेला अरेबिका निळसर हिरवा असतो. हा पिवळट होता. कॉफीतले काहीही न कळणाऱ्या वडिलांनी मूठभर दाणे हुंगून ‘हा माल पेवातला वाटतो,’ असे म्हटले. हरिपूरच्या पेवांतली जुनी हळद ज्यांनी आयुष्यभर हुंगली, त्यांचे नाक चुकणार कसे? व्यापाऱ्याने पुढे फोन उचलला नाही आणि ते पोते आम्ही भाजणीच्या सरावात संपवले. मग २०२०च्या जानेवारीत मिरजेहून रेल्वेने कडूरला आणि तिथून बसने चिकमगळूरला गेलो. तोडणी चालू होती. वाळवणावर फळे पसरलेली पाहून मला तासगावची बेदाण्याची शेड आठवली. एका लहान बागाईतदाराशी एस-७९५ या जातीच्या दाण्यांचा व्यवहार तोंडीच ठरला. तो आजही टिकून आहे.

त्याआधी ऑगस्ट २०१९च्या महापुराने दणका दिला होता. विश्रामबागेत पाणी आले नाही, पण साठा गावभागात मेहुण्यांच्या माळ्यावर ठेवला होता. पाणी माळ्यापर्यंत चढले नाही, तरी आठवडाभर खालून ओल लागून पोत्यांना बुरशीचा वास आला. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळी हवा मुद्दाम खेळवून मॉन्सून्ड मलबार नावाची खास कॉफी तयार करतात, तेव्हा आपलाही माल महाग विकावा, असा विनोद घरात झाला. पोती मात्र टाकून दिली.

चिकोरीबद्दल, म्हणजे कॉफीत मिसळतात त्या भाजलेल्या मुळांच्या पुडीबद्दल, मी आधी नाक मुरडत असे. फिल्टर कॉफीवर वाढलेल्या गिऱ्हाइकांनी दोनदा माल परत केल्यावर अक्कल आली आणि ८० टक्के कॉफी, २० टक्के चिकोरी असे मिश्रण सुरू केले. नियमाने कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते आणि प्रमाण पाकिटावर छापावे लागते. ते आम्ही मोठ्या अक्षरांत छापतो. पाकिटांचाही धडा मिळालाच. ताज्या भाजलेल्या दाण्यांतून कर्बवायू निघत राहतो. साध्या पिशव्या गच्च बंद केल्यामुळे त्या फुग्यासारख्या टम्म फुगल्या आणि माल नासल्याचे फोन आले. आता एकाच बाजूने हवा सोडणारी झडप असलेली पाकिटे वापरतो आणि भाजल्यावर चार दिवस माल बाहेर काढत नाही.

२०२१मध्ये अर्धा किलोचे यंत्र घेतले आणि नोकरी सोडली. त्यापेक्षा मोठे घ्यावे, असे हितचिंतक सांगतात, पण शनिवारी पहाटे मी आणि पत्नी मिळून जेवढे दाणे मोडून पाहू शकतो, तेवढाच माल विकायचा, असे आम्ही ठरवले आहे. जुने यंत्र फक्त नमुन्यांसाठी ठेवले आहे. गेल्या आठवड्यात नव्या पिकाचे तीन नमुने आले; त्यांतला दुसरा वडिलांनी फोडून पाहिला आणि तुकडे माझ्या वहीवर ठेवून दिले. आत अजून फिकट आहे. उद्या पहाटे सुरुवातीची आच थोडी उतरवून तो पुन्हा भाजायचा आहे.