आंब्याला गेलो आणि उतरतच राहिलो

आमच्याकडं "आंब्याला चाललो" म्हटलं, तर बाजारातून पेटी आणायला नाही, अंबाजोगाईला. श्रावणातल्या एका रविवारी परळीहून एसटी धरली. गाडी बालाघाटाच्या डोंगरात शिरली, तसे बांध हिरवे दिसू लागले. मावशी तिथं तीस वर्षं राहते. तिनं धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी पुढ्यात ठेवली आणि म्हणाली, "देवीला जाऊन ये आधी. बाकीचं मग."

योगेश्वरी म्हणजे चित्पावनांची कुलदेवता, त्यामुळं मंदिरात कोकणी हेल कानावर पडतोच. दंतकथा अशी की देवीचं लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरलं, मुहूर्त टळला आणि वऱ्हाड जागच्या जागी दगड झालं. परळी इथून जेमतेम पंचवीस किलोमीटर. तेवढ्यात मुहूर्त चुकावा, हे मला आजवर पटलेलं नाही. मावशीला पटतं. मोठं नवरात्र इथं मार्गशीर्षात असतं, पौर्णिमेपर्यंत. आता गर्दी नव्हती, तांबुलाचा प्रसाद घेतला आणि निघालो.

ते दगड झालेलं वऱ्हाड म्हणजे हत्तीखाना, असं गावातली माणसं सांगतात. जयंती नदीच्या काठाला ही शिवलेणी आहेत. लांबून काहीच दिसत नाही, कारण सगळं जमिनीच्या पातळीखाली कोरलेलं. अगदी जवळ गेल्यावर पायाशी खड्डा उघडतो आणि त्यात भलंथोरलं अंगण, मधोमध नंदीचा मंडप, भोवती दगडी हत्ती. ऊनपावसानं झिजलेत, तरी अंगाचा डौल तसाच आहे. आतल्या दालनात खांबांच्या ओळी, आणि बाहेर ऊन असूनही आत गार. मी तासभर बसलो. एका कोपऱ्यात पाण्याच्या रिकाम्या बाटल्या पडल्या होत्या, त्या उचलून वर आणल्या. त्याबद्दल आणखी काय लिहायचं!

दुपारी मुकुंदराजांची समाधी. गावापासून जरा लांब, रिक्षावाला दरीच्या तोंडाशी सोडतो. तिथून पायऱ्या, आणि पायऱ्याच. निम्म्यात माझ्या चपलेचा अंगठा तुटला, मग अनवाणी. दगड ओले, वर झाडी आणि खालून पाण्याचा आवाज. समाधी अगदी दरीच्या पोटात आहे. शके १११० म्हणजे इसवी सन ११८८ मध्ये 'विवेकसिंधु' लिहिणारे मराठीचे आद्यकवी ते हेच, असं इथला प्रत्येक जण ठामपणे सांगतो. विदर्भात वैनगंगेकाठच्या आंभोऱ्याचे लोकही तितक्याच ठामपणे सांगतात की मुकुंदराज आमचे. ग्रंथातली नदी आणि नगरी नेमकी कोणती, यावर अभ्यासकांचे वाद झालेत. मी बीड जिल्ह्याचा, तेव्हा माझं मत विचारू नका.

चढताना जीव गेला. वर टपरीवर चहा घेतला, तर शेजारच्या आजोबांनी दासोपंतांचा विषय काढला. सोळाव्या-सतराव्या शतकातले हे दत्तभक्त कवी. रोज एका ढबू पैशाची शाई ते लिहून संपवायचे म्हणे. 'गीतार्णव' सव्वा लाख ओव्यांचा. कागद पुरला नसावा की काय, 'पंचीकरण' त्यांनी चक्क कापडावर लिहिलं, आकृत्यांसकट. तीच प्रसिद्ध पासोडी. शाळेच्या सहलीत आम्हाला तिचं नाव पाठ करायला लावलं होतं, दाखवली मात्र नव्हती. या खेपेलाही राहून गेली, कारण शेवटची गाडी साडेपाचची होती.

"एका दिवसात आंबा होत नसतो बाबा," आजोबा म्हणाले. मग माझ्या पायांकडं बघून त्यांनी समोरच्या गल्लीतलं चांभाराचं दुकान दाखवलं. दहा रुपयांत अंगठा शिवून मिळाला.