शाल इथंच ठेवजो

रात्रीचे बारा वाजायला आले. हे ओलिताला गेले. या आठवड्यात लाईन रात्रीची, हरभऱ्याला पाणी द्यायचं राहिलंय.

मफलर गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "तुही काळी शाल इथंच ठेवजो. तिथं तुले कायले लागते?" आणि टॉर्च घेऊन निघून गेले.

एवढंच. बरोबरच आहे, मॉरिशसला जानेवारीत उन्हाळा. पण तेव्हापासून बॅगेची चेन लावते नि उघडते आहे. टोमणा होता का? टोमणा मारायच्या आधी हे खाकरतात. खाकरले नाहीत.

दोन महिने झाले, थंडीला शिव्या देत दिवस मोजतेय. पुतण्याच्या नकाशात पाहिलं. यवतमाळ विषुववृत्ताच्या वर साधारण 20 अंशांवर, मॉरिशसचं पोर्ट लुई खाली तेवढ्याच अंशांवर. इथं ऊन तिरपं, टाचा उललेल्या. तिथं सूर्य थेट डोक्यावर. घड्याळ दीड तास मागं. लेक म्हणते, गणेश चतुर्थीला तिथं सरकारी सुटी असते. 1834 पासून आपल्याकडची माणसं करारावर जहाजानं तिकडं गेली, उसात राबली. मी जाणार समुद्रात पाय सोडून बसायला. वेचणीच्या बायांना हे सगळं सांगितलं. जरा जास्तच सांगितलं.

तेव्हा काही वाटलं नाही. शाल म्हटल्यावर वाटलं.

सत्तावीस वर्षांत मी गेले कुठं? माहेर, शेगाव, एकदा पंढरपूर. सासूबाईंचं दुखणं... जाऊ द्या. पासपोर्टवर पहिला शिक्का बसणार, तर तोही सुखानं बसू नये? यांनाही चला म्हटलं होतं की. "हरभरा कोण राखते? रोह्यायले काय तिकीट दाखवू?" यावर काय बोलणार. संक्रांतीचं वाण यंदा जाऊबाई देतील. असो.

पण गार वाफ्यात अनवाणी उभा असलेला माणूस शाल मागतो आणि आपण बॅगेत सुती साड्या मोजतो. टोमणा असता तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं.

शेवटी उठून शाल काढली. घडी घालायला झटकली तर धुराचा वास. मी तर यंदा शेकोटीजवळ बसलेच नाही. काठाला ज्वारीच्या दाण्याएवढं भोक, ठिणगीचं. आणि घडीतून खाली पडली तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पन्नी. अर्धी उरलेली, रबर लावलेली.

म्हणजे शाल केव्हाचीच जागलीला जाते! आज मी इथं बॅग पसरून बसले म्हणून उचलता आली नसेल. आणि पोळ्याला बैलाच्या पाठीवर हात ठेवून खर्रा सोडला होता म्हणे.

शाल खुंटीवर लावली, दाराजवळ, अंधारातही हाताला लागेल अशी. पन्नी बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवली. लेकीला दाखवते. विमानतळावर कोणी विचारलंच, तर सांगेन, नवऱ्याची आहे.