नाथसागराच्या तळातील बारव

उन्हाळ्यात जायकवाडीचे पाणी उतरले की नाथसागराच्या कडेने गाळाची विस्तीर्ण जमीन उघडी पडते आणि १९७६ साली पूर्ण झालेल्या या धरणाखाली गेलेल्या काही गावांची जोती, भिंतींचे दगड, देवळांचे चौथरे काही आठवडे उन्हात येतात. मराठवाड्यातील पाणी या विषयावरील एका प्रदर्शनासाठी मी मे महिन्यात अशाच एका उठलेल्या गावाच्या जागी ४ बाय ५ इंची काळ्या-पांढऱ्या फिल्मचा कॅमेरा घेऊन गेलो होतो. तिथे काढलेल्या एका चित्राचा निकाल माझ्या मनात अजून लागलेला नाही, म्हणून हे लिहीत आहे.

गाळपेरीची जमीन कसणाऱ्या एका शेतकऱ्याने मला बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, दाखवली. काळ्या बेसाल्टची, चौकोनी, निम्मी गाळाने भरलेली. सूर्य वर आलेला असला तरी ऊन तिच्या काठालाच लागत होते. आतली भिंत आणि पायऱ्या सावलीत होत्या, तर भोवतालचा भेगाळलेला, वाळलेला गाळ डोळ्यांना सहन होणार नाही इतका पांढरा दिसत होता. काळ्या कापडाखाली, घासलेल्या काचेवरच्या उलट्या प्रतिमेत, भिंग लावून मी लेन्स थोडी पुढे झुकवली, जेणेकरून पायाजवळच्या भेगांपासून दूरच्या पाण्याच्या रेषेपर्यंत सगळे एकाच वेळी रेखीव यावे. एफ ३२ वर, म्हणजे लेन्सच्या अगदी लहान छिद्रावर, पाव सेकंद लागत होता. पाव सेकंदात वाऱ्याने कॅमेऱ्याचा भाता हलला की चित्र गेले, त्यामुळे दोन झुळकांमधल्या शांततेची वाट पाहावी लागते. आणि आठ वाजून गेले की तापलेली हवा लांबची रेषा थरथरवते, म्हणजे फार वाटही पाहता येत नाही.

एकेका ठिकाणचा उजेड मोजणाऱ्या स्पॉट मीटरने मोजले तेव्हा सावलीतली भिंत आणि उन्हातला गाळ यांच्यात सहा स्टॉपांचे, म्हणजे सहा वेळा दुप्पट होणाऱ्या उजेडाचे, अंतर निघाले. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर या अमेरिकन छायाचित्रकारांनी १९४० च्या सुमारास मांडलेल्या, छटांना काळ्याकडून पांढऱ्याकडे क्रमांक देणाऱ्या झोन पद्धतीप्रमाणे मी भिंत तिसऱ्या झोनवर ठेवली. त्यामुळे गाळ नवव्यावर, म्हणजे कोऱ्या कागदाच्या उंबरठ्यावर जात होता. त्याला सातव्यावर आणण्याचे काम डेव्हलपिंगवर सोडले. आयोजकांनी आधीच सांगून ठेवले होते की आकाश काळेभोर हवे, लाल फिल्टर लावा. ही मागणी मला नेहमी येते आणि ती करणाऱ्याने सावली कधी नीट पाहिलेली नसते. उन्हातल्या दिवशी सावलीला उजेड मिळतो तो निळ्या आकाशाकडून. लाल फिल्टर तो निळा अडवतो, त्यामुळे आकाशाबरोबर प्रत्येक सावलीही बुडते. बारवेत मग भोक उरले असते. मी पिवळा फिल्टर लावला.

डेव्हलपिंगची खरी अडचण मराठवाड्यात राहणाऱ्यालाच कळेल. पुस्तकात तापमान लिहिलेले असते २० अंश. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतले पाणी हाताला चटका देते. गरम द्रावणात वेळ कमी करावा लागतो, तीव्रता, म्हणजे काळ्या-पांढऱ्यातला फरक, उतरवायची असेल तर आणखी कमी, आणि पाच मिनिटांच्या खाली गेले की चित्रातल्या आकाशात डाग-पट्टे उमटतात. म्हणून मी बर्फ केलेल्या बाटल्या ठेवलेल्या पाण्यात सगळी द्रावणे २४ अंशांवर आणतो, डेव्हलपर एकास तीन प्रमाणात पातळ करतो, आणि वेळ पुन्हा दहा मिनिटांच्या आसपास नेतो. धुण्याचे पाणीसुद्धा त्याच तापमानाच्या जवळ ठेवावे लागते, नाहीतर मऊ झालेल्या जिलेटीनला सुरकुत्या पडतात. आमच्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येते, त्यामुळे वाहत्या धारेखाली फिल्म धुण्याची चैन नाही. फिल्मची छोटी बंद टाकी भरून पाच वेळा उलटी करायची, पाणी बदलून दहा वेळा, पुन्हा बदलून वीस वेळा, ही इलफर्ड या फिल्म बनवणाऱ्या कंपनीची पद्धत या शहरासाठीच केली असावी असे वाटते. शहराला पाणी येते तेही जायकवाडीचेच. शेवटचे बुचकळणे मात्र डिस्टिल्ड पाण्यात, कारण नळाच्या पाण्यातले क्षार फिल्मवर वाळून राहतात.

निगेटिव्हचा स्कॅन इंचाला २४०० पिक्सेल घेऊन, १६ बिटमध्ये केला. शंभर दशलक्षांहून अधिक पिक्सेल. फिल्म होल्डरमध्ये शिरलेला गाळाचा प्रत्येक कण निगेटिव्हवर पारदर्शक आणि चित्रात काळा ठिपका होतो. स्कॅनरची आपोआप धूळ काढणारी सोय इथे निरुपयोगी असते, कारण ती अवरक्त प्रकाशावर चालते आणि काळ्या-पांढऱ्या फिल्ममधली चांदी तो प्रकाशही अडवते. दोन संध्याकाळी मी हाताने ठिपके काढत बसलो आणि त्याच वेळी सावलीतल्या पायऱ्या एकेक करून पाहिल्या. शंभर टक्के मोठे केल्यावर दगडांचे सांधेसुद्धा दिसत होते. त्या निगेटिव्हचा मला अभिमान आहे.

बरायटा या फोटो छापण्याच्या कागदावर २४ बाय ३० इंची प्रत काढताना मी सावली थोडी खाली उतरवली, म्हणजे अधिक काळी केली. गाळाच्या पांढऱ्या पसरटपणाला तोलून धरणारा एक काळा भार चित्राला हवा होता, आणि स्टुडिओतल्या दिव्याखाली पायऱ्या त्या काळ्यातही जाणवत होत्या. आयोजकांना ती फार आवडली. तशीच एक लहान प्रत घेऊन मी त्या शेतकऱ्याच्या घरी गेलो. त्याची आई त्या गावात सून म्हणून आली होती. घरात एक खिडकी आणि एक ट्यूब. आजींनी चित्र बराच वेळ हातात धरले आणि विचारले, “बाबा, पायऱ्या कुठं हायत इथं? ह्या अंगानं आम्ही पाण्याला उतरायचो.” मी बोट ठेवून दाखवले. त्यांना दिसेनात, आणि तिथल्या उजेडात मलाही दिसल्या नाहीत. मीटर काढून पाहिले तर भिंतीवर माझ्या स्टुडिओपेक्षा तीन स्टॉप कमी उजेड होता.

परत येऊन मी सावल्या उघडून, म्हणजे उजळ करून, दुसरी प्रत काढली. आजींनी तिच्यातल्या पायऱ्या बोटाने मोजल्या. आयोजकांनी मात्र ती प्रत सपाट आहे, जोर नाही, असे म्हणून परत केली. त्यांच्या डोळ्यांना मोबाइलच्या पडद्याची सवय आहे, हे माझे मत कायम आहे. पण त्यांचे म्हणणे पूर्ण खोटेही नाही, दुसऱ्या प्रतीत गाळाचे ऊन खरोखरच मंदावते. फक्त बारव उजळून पाहिली, तर आतून दिवा लावल्यासारखी दिसते, कारण काठाच्या सावलीवरही त्याच आकाशाचा उजेड आहे आणि एक उघडली तर दुसरीही उघडावी लागते. दोन्ही उघडून गाळाच्या वरच्या छटा ताणून पाहिल्या, तर भेगांच्या कडा कठोर होतात. आता मी सावलीच्या वक्राचा तळ, म्हणजे सर्वांत गडद छटा, तसाच ठेवून फक्त दुसऱ्या आणि तिसऱ्या झोनमधले अंतर वाढवतो आहे, म्हणजे काळा काळाच राहील आणि दगड मात्र एकमेकांपासून सुटे होतील. चाचणीच्या छापील पट्ट्यांवर ते जमेल असे दिसते. प्रदर्शन पुढे दुसऱ्या जिल्ह्यात जाणार आहे आणि तिथे पायऱ्या दिसणारी प्रतच लागेल असे मी आयोजकांना लेखी कळवले आहे. त्यांचे उत्तर अजून आलेले नाही.