बार्टन हॉलची कॅसेट: वेग सापडला, ड्यू अजून बाकी

मागच्या नोंदीत मी छातीठोकपणे लिहिलं होतं की ग्रेटफुल डेड या अमेरिकन रॉक बँडच्या १९७७ च्या कार्यक्रमाच्या माझ्या कॅसेटचा वेग बरोबर आहे. ते मागे घेतो. कॅसेट २ टक्के जलद पळते, आणि हे पकडलं आईने.

८ मे १९७७, कॉर्नेल विद्यापीठाचा बार्टन हॉल, कार्यक्रमाचा दुसरा सेट. स्कार्लेट बिगोनियाजमधून फायर ऑन द माउंटनमध्ये जाणारी ती गाण्यांची जोडी मी स्पीकरवर लावली होती. आई रियाज आटपून दारापाशी आली, थांबली आणि म्हणाली, "अरे, हे चढं लागतंय. पांढरी सात नाही ही." स्कार्लेट बी पट्टीत आहे, म्हणजे हार्मोनियमची पांढरी सातच हवी. तिचा इलेक्ट्रॉनिक तानपुरा सातला लावून शेजारी ठेवला. बँडच्या फिल लेशचा बेस गिटार आणि तानपुऱ्याचा सा एकमेकांना असे घासायला लागले की अर्धं मिनिटही ऐकवेना.

मग मोजताना चुकलं कुठे? पद्धत आपली नेहमीचीच. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची, तिची घरघर मिक्सिंग बोर्डावरून घेतलेल्या टेपवर बारीक उतरलेली असते. स्पेक्ट्रोग्रामवर, म्हणजे आवाजातल्या कंपनांच्या चित्रावर, ती रेघ ६० च्या पटीत बसली की वेग बरोबर. खाली ६० पाशी बेस आणि ड्रमची गर्दी, म्हणून मी पाचवी पट पाहिली होती, ३००. रेघ बरोब्बर ३०० वर. मी खूश होऊन पुढे गेलो.

परवा रात्री बाजू संपली, डेक खटकन बंद झालं, पण संगणकावरचं रेकॉर्डिंग थांबवायचं राहून गेलं. गाणं गेलं, टेपची सळसळ गेली, आणि ३०० ची रेघ तशीच पुढे चाललेली. ती कॅसेटवर नव्हतीच! ती माझ्या पुण्यातल्या खोलीतल्या विजेची होती. आपली वीज ५० हर्ट्झची. पाच साठे तीनशे आणि सहा पन्नासे तीनशे. दोन्ही देशांची घरघर जिथे एकमेकींवर बसते, नेमकी तीच जागा मी मोजायला निवडली होती.

मग १८० पाशी गेलो, कारण ५० च्या पाढ्यात १८० येत नाही. सेटच्या सुरुवातीला गिटारवादक बॉब वीअर गर्दीला एक पाऊल मागे सरकायला सांगतो, तेवढा वेळ वाद्यं जवळजवळ गप्प असतात. तिथे रेघ सापडली: १८३.६. भागिले तीन, ६१.२. म्हणजे २ टक्के जास्त, ३४ सेंट, अर्ध्या स्वराचा तिसरा हिस्सा. आईचं म्हणणं खरं होतं.

डेकवर संशय नको. ३१५० हर्ट्झची टेस्ट टेप घालून पाहिली, आकडा जागचा हलला नाही. डेकचा ऑनलाइन मागवलेला पट्टा आधी महिन्याभरात सैल पडला होता. जुना पट्टा खिशात घालून तपकीर गल्लीत गेलो आणि मापाने नवीन आणला, तो उत्तम चाललाय. पट्टा डोळ्यांनी पाहून, बोटांनी ताणूनच घ्यावा. तेव्हा दोष नक्कल करतानाचा: मधल्या कुठल्या तरी पिढीत रेकॉर्ड करणारं डेक हळू चाललं असणार.

दुरुस्ती करताना क्रम सांभाळा. आधी आपली घरची ५०, १००, १५० ची घरघर कापायची आणि मगच वेग बदलायचा, नाहीतर तीही सरकते आणि फिल्टरला सापडत नाही. मला सगळं दोनदा करावं लागलं. ऑडासिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये वेगबदलाचा आकडा वजा १.९६ टाकायचा, वजा २ नव्हे.

२०१७ चं अधिकृत रिलीज मुद्दाम शेवटपर्यंत उघडलं नव्हतं; उत्तर पाहून गणित सोडवायचं नव्हतं. काल दोन्ही शेजारी लावले. सुमारे २६ मिनिटांच्या त्या जोडीत आधी अर्ध्या मिनिटाचा फरक पडत होता, आता एका सेकंदाच्याही आत आहे. मी खुर्चीतून उठून आईला बोलावलं. ती तानपुरा घेऊनच आली, दोन मिनिटं ऐकलं आणि मान डोलावली.

आता खरी अडचण माझ्या यादीची आहे, दर वर्षाची एक आवडती रात्र निवडलेली. न्यू जर्सीहून मावसभावाने १९९६ मध्ये आणून दिलेली ही मॅक्सेलची नव्वद मिनिटांची कॅसेट म्हणजे माझा पहिला डेड. स्कार्लेटची जी उसळी मला इतकी वर्षं आवडत आली, तिच्यात हे २ टक्के होते. दुरुस्त झालेलं स्कार्लेट जरा निवांत चालतं. आवडतंच, पण १९७७ साठी ही रात्र ज्या कारणाने निवडली ते कारण बदललं. आता ती त्याच रात्रीच्या मॉर्निंग ड्यू या गाण्यासाठी आहे. खाली उतरलेल्या स्वरात गायक-गिटारवादक जेरी गार्सियाचा आवाज इतका जड होतो की शेवटच्या चढणीला माझ्या अंगावर काटा आला.

बाकीच्या वर्षांत बदल नाही. १९६९ ला २७ फेब्रुवारीचं फिलमोर वेस्ट, १९७० ला १३ फेब्रुवारीचं फिलमोर ईस्ट, १९७४ ला सिअॅटलचं २१ मे, त्या ४६ मिनिटांच्या प्लेइंग इन द बँडसाठी. १९९० ला नॅसाऊ, २९ मार्च. ब्रॅनफर्ड मार्सेलिसचा सॅक्सोफोन आइज ऑफ द वर्ल्डमध्ये शिरतो ते ऐकल्यावर दुसरा पर्याय शोधावासा वाटत नाही. सगळ्या कॅसेटी तानपुऱ्यावर घासून पाहायच्या असं ठरवलं होतं, पण लिहिता लिहिता लक्षात आलं की १९७२ च्या ओरेगनमधल्या व्हेनेटाच्या कार्यक्रमाला ते चालणार नाही. त्या दिवशीच्या उन्हात वाद्यंच सुरातून हलत होती. तिथे २०१३ चं रिलीजच ठेवतो.

ड्यूचं काम मात्र राहिलंय. ती कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला आहे आणि त्या बाजूचा वेग वेगळा दिसतोय. सेंट स्टीफनपासून ड्यूपर्यंत सगळं सलग, टाळ्यांची उसंत नाही, मग घरघर मोजायची कुठे? काल रात्री हेडफोन लावून बसलो तेव्हा जागा मिळाली. ड्यूच्या मध्यावर गार्सिया गिटार इतकी खाली आणतो की ती जेमतेम ऐकू येते, आणि त्या काही सेकंदांत १८२.७ वर एक पुसट रेघ उमटते. म्हणजे इथे दीड टक्काच. अशा आणखी दोन जागा मिळाल्या तर बाजू तुकड्यातुकड्याने सरळ करता येईल. आज रात्री पुन्हा तिथूनच सुरू करतोय.