अठ्ठावीस सांध्यांचा हिशेब

दर तीन महिन्यांनी मी माझ्या आमवातासाठी संधिवाततज्ज्ञांसमोर दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवून बसते. ते माझी पेरे, मनगटे, कोपरे, खांदे आणि गुडघे एकेक करून दाबत जातात, आणि कुठे दुखते, कुठे सूज आहे, हे त्यांची सहायक कागदावरच्या आकृतीत फुल्या मारून नोंदवते. असे एकूण २८ सांधे तपासले जातात. त्यांत रक्तातील ईएसआर किंवा सीआरपी (शरीरात दाह किती आहे हे सांगणाऱ्या चाचण्या) आणि रुग्णाने स्वतःच्या प्रकृतीला दिलेले गुण मिळवून एक आकडा निघतो; तो ५.१ च्या वर असेल तर आजार भडकलेला आणि २.६ च्या खाली असेल तर शांत समजतात. या २८ मध्ये पावलांचे सांधे धरलेलेच नाहीत, आणि माझे दुखणे सुरू झाले ते नेमके पावलांपासून!

'मलाही वात आहे' असे सांगणारे घरटी एक माणूस सापडते, पण त्यांपैकी बहुतेकांचे दुखणे गुडघ्यांच्या झिजेचे किंवा स्नायूंचे असते. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ साली सुरू झालेल्या घरोघरच्या पाहणीत हा आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, प्रौढांमध्ये सुमारे ०.५ टक्के आढळला. दोनशे माणसांमागे एक, हा आकडा लहान वाटतो खरा. मात्र यात स्त्रियांची संख्या पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट असते आणि बऱ्याच जणींना तो ऐन कामाच्या वयात गाठतो.

या रुग्णांतही सर्वांचा आजार सारखा नसतो. काहींचा वर्षानुवर्षे सौम्य राहतो, तर काहींचा पहिल्या दोन वर्षांतच हाडांच्या कडा कुरतडू लागतो. तो आक्रमक आहे की नाही, हे वेदनेवरून ठरवता येत नाही, असे मला अनुभवाने वाटते, कारण वेदनाशामक गोळीने दुखणे थांबते, हाडाची झीज थांबत नाही. रक्तात आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या प्रतिपिंडांचे प्रमाण जास्त असणे, सुरुवातीलाच अनेक सांधे सुजणे, एक्स-रेमध्ये लवकर खाचा दिसणे आणि धूम्रपान या खऱ्या धोक्याच्या खुणा आहेत. अशा रुग्णांत फुप्फुसांना आणि हृदयालाही धोका असतो.

माझी अँटी-सीसीपी चाचणी झाली ती दुखणे सुरू झाल्यावर आठ महिन्यांनी. तोवर सकाळी तास-दीड तास मूठ वळत नसे, कणीक मळणे सुटले होते, आणि एका दवाखान्यातून मला कॅल्शियमच्या गोळ्या मिळत होत्या. निदानानंतर मेथोट्रेक्सेट, म्हणजे आजारच आटोक्यात ठेवणारे औषध, सुरू झाले. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकते, म्हणून मी पाकिटावर ठळक अक्षरांत 'रविवार' लिहून ठेवले आहे. तेवढ्याने भागले नाही, तेव्हा क्षयरोगाची तपासणी करून बायोलॉजिक, म्हणजे प्रतिकारशक्तीतला दाहाचा नेमका दुवा रोखणारे, इंजेक्शन दिले गेले. (ही तपासणी टाळता येत नाही, कारण त्या औषधाने शरीरात दबून राहिलेला क्षय उफाळू शकतो.)

गेल्या वेळी आकृतीत दोनच फुल्या होत्या आणि आकडा २.४ आला. उजव्या मनगटाची हालचाल मात्र त्या आठ महिन्यांत गेली ती गेलीच. कुकरचे झाकण मी अजूनही डाव्या हाताने लावते.